दिशा आधी, डॉकिंग नंतर: जनुकीय माहितीवरून जुन्या औषधाचा नवा उपयोग शोधताना

नागपुरात एम.फार्म.च्या प्रबंधांचे विषय ठरायचा हंगाम आला की डॉकिंगची, म्हणजे औषधाचा रेणू प्रोटीनवर कसा बसतो ते संगणकावर बघण्याची, लाट येते. कारण उघड आहे. काम लॅपटॉपवर होतं, रसायनांचा खर्च नाही, उंदरांसाठी परवानगी काढावी लागत नाही. एक प्रोटीन उतरवायचं, बाजारात असलेली दोन-चारशे औषधं त्यावर बसवून बघायची आणि ज्याचा स्कोअर सगळ्यात उणे (म्हणजे जे सगळ्यात घट्ट बसतं) त्याला पुढे करायचं. मग व्हायवाला बाहेरचे परीक्षक साधा प्रश्न विचारतात: "हे प्रोटीन अडवलं तर पेशंटला फायदाच होईल, हे कशावरून?" इथे बहुतेकांची बोलती बंद होते.

या प्रश्नाचं उत्तर डॉकिंगमध्ये मिळत नाही. ते माणसांच्या जनुकीय माहितीत शोधावं लागतं आणि तो शोध डॉकिंगच्या आधी घ्यायचा असतो. २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या विश्लेषणानुसार, ज्या औषधाच्या लक्ष्याला जनुकीय पुराव्याचा आधार असतो ते सगळ्या चाचण्या पार करून मंजूर होण्याची शक्यता, आधार नसलेल्यापेक्षा २.६ पट जास्त असते. जुनं औषध नव्या आजाराला लावतानाही हाच पुरावा कामाचा.

मी फार्माकॉलॉजीतून या कामात आले. कोडिंग येत नव्हतं, आणि कुठून सुरू करायचं हे मराठीत सांगणारं काही हाती लागलं नाही. खाली उदाहरण म्हणून बहुतेक ठिकाणी सिकलसेल (लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक रक्तविकार) घेतलं आहे. विदर्भात या आजाराची ओळख करून द्यावी लागत नाही. एएस पॅटर्न (वाहक), एसएस पॅटर्न (प्रत्यक्ष आजार) हे शब्द इथे घरोघरी ठाऊक आहेत.

आधी हे जमवून ठेवा

- लॅपटॉप: ८ जीबी रॅमवर निभतं, १६ असेल तर डोकेदुखी कमी. तेही नसेल तर गूगल कोलॅब फुकट आहे. मे महिन्यात मोठं रन रात्री लावा, आणि कूलरची दमट हवा थेट मशीनवर सोडू नका.
- आर ही संख्याशास्त्राची प्रोग्रामिंग भाषा आणि ती चालवायचं आरस्टुडिओ. पॅकेजेस दोन पुरतात: टू-सॅम्पल एमआर (मेंडेलियन रँडमायझेशनचं) आणि कोलॉक. दोन्हींचं काम पायरी ५ मध्ये येईल.
- ओपन जीवॉसचं खातं. जीवॉस म्हणजे अनेक माणसांच्या सगळ्या जीनोममध्ये कोणता जनुकीय फरक कोणत्या लक्षणासोबत येतो ते शोधणारा अभ्यास; अशा अभ्यासांचे निकाल इथे मिळतात. २०२४ पासून टोकन घेतल्याशिवाय डेटा मिळत नाही. हे टोकन ठरावीक मुदतीचं असतं. कालपर्यंत चालणारा कोड आज अचानक एरर देऊ लागला तर आधी टोकनच बघा.
- ड्रगबँक या औषधांच्या माहितीसाठ्याचा शैक्षणिक परवाना. अर्ज कॉलेजच्या ईमेलवरून करा. केम्बल आणि ओपन टार्गेट्स हे असेच माहितीसाठे मात्र सगळ्यांना खुले आहेत.
- संस्थेच्या इथिक्स कमिटीचं सूट पत्र. याबद्दल शेवटी लिहिलं आहे, पण अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका.
- एक साधी वही. कुठली फाइल कुठून, कोणत्या तारखेला उतरवली आणि ती जीनोमच्या (माणसाच्या संपूर्ण डीएनएच्या नकाशाच्या) कोणत्या आवृत्तीवर आहे, ३७ की ३८, एवढं लिहायचं. आवृत्ती जुळली नाही तर जनुकाचा पत्ताच चुकतो, आणि सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही.

१. आजार नव्हे, मोजता येणारं लक्षण निवडा

सिकलसेलचं मूळ कारण ठाऊकच आहे: एचबीबी जनुकातलं एक अक्षर बदललेलं. त्यामुळे 'सिकलसेल कोणत्या जनुकामुळे होतो' हा प्रश्न निकालात निघालेला आहे. खरा प्रश्न पुढचा. एकाच घरातल्या दोन एसएस भावंडांपैकी एकाला वरचेवर क्रायसिस (तीव्र वेदनांचा झटका) येतो, भरती करावं लागतं. दुसरा त्या मानाने धडधाकट राहतो. हा फरक कशाने?

त्यातलं एक मोठं कारण म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ. जन्मानंतर ते कमी होत जातं, पण काहींमध्ये बऱ्यापैकी टिकून राहतं आणि लाल पेशीला विळ्याचा आकार घेऊ देत नाही. म्हणजे आपलं लक्षण ठरलं: रक्तातलं एचबीएफचं प्रमाण. ते एचपीएलसी या तपासणीने मोजता येतं, आणि जास्त असणं चांगलं हे आधीच ठाऊक आहे. सध्या सिकलसेलच्या रुग्णांना जी हायड्रॉक्सियुरिया देतात तीही दुसऱ्या कामाचीच गोळी, रक्ताच्या कर्करोगासाठी वापरली जाणारी. ती एचबीएफ वाढवते आणि क्रायसिस कमी करते हे १९९५ च्या चाचणीत दिसलं. १९९८ मध्ये अमेरिकेत तिला सिकलसेलसाठी मंजुरी मिळाली.

तुमचा आजार वेगळा असेल तर हाच प्रश्न विचारा: या आजारात काय मोजता येतं, आणि ते वाढायला हवं की कमी व्हायला हवं?

२. जीवॉस कॅटलॉगमधून जनुकापर्यंत

जीवॉस कॅटलॉग म्हणजे अशा अभ्यासांच्या निकालांची खुली ऑनलाइन यादी. तिच्यात गर्भातल्या हिमोग्लोबिनचं इंग्रजी नाव टाका. तीन ठिकाणं पुन्हा पुन्हा वर येतील: दुसऱ्या गुणसूत्रावरचं बीसीएल११ए, सहाव्यावर एचबीएस१एल आणि एमवायबी यांच्या मधली जागा, आणि अकराव्यावर खुद्द बीटा-ग्लोबिनचा पट्टा. बीसीएल११ए २००७-०८ मध्ये अशाच अभ्यासांतून पुढे आलं. त्याआधी त्याचा हिमोग्लोबिनशी संबंध असेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

इथे पहिला सापळा आहे. कॅटलॉग व्हेरिअंटच्या (माणसामाणसांत वेगळ्या असणाऱ्या डीएनएच्या जागेच्या) शेजारच्या जनुकाचं नाव देतो, काम करणाऱ्या जनुकाचं नव्हे. सहाव्या गुणसूत्रावरच्या जागेच्या नावात एचबीएस१एल पहिलं दिसतं म्हणून अनेक जण त्याच्यामागे लागतात. प्रत्यक्षात तिथले व्हेरिअंट एमवायबीच्या नियंत्रणात ढवळाढवळ करतात.

खात्री करायला लोक जीटेक्स हा माहितीसाठा उघडतात: हा व्हेरिअंट कोणत्या अवयवात कोणतं जनुक कमी-जास्त करतो ते बघायला. बघा, पण जीटेक्समध्ये 'रक्त' म्हणजे नसेतून काढलेलं रक्त. बीसीएल११एचा खेळ चालतो अस्थिमज्जेत, लाल पेशी घडत असताना. तिथल्या पेशी जीटेक्समध्ये नाहीतच. म्हणून तिथे काही दिसलं नाही तर जनुक बाद करू नका, योग्य पेशीचा डेटा शोधा.

आणि कृपा करून या फाइली एक्सेलमध्ये उघडू नका. एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळीच मावतात आणि जीवॉसच्या फाइलमध्ये कोटीच्या घरात ओळी असू शकतात. उरलेल्या कापल्या जातात. शिवाय एक्सेल काही जनुकांच्या नावांची तारीख करून टाकतं. हा त्रास इतका झाला की २०२० मध्ये नामकरण समितीने अशा जनुकांची नावंच बदलली.

३. दिशा ठरवा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. वहीत प्रत्येक जनुकासाठी एक ओळ लिहायची: एचबीएफ वाढवणारं अलील (व्हेरिअंटचं एक रूप) असलेल्या माणसात हे जनुक जास्त चालतं की कमी? कमी चालत असेल तर तुम्हाला अडवणारं औषध हवं. जास्त चालत असेल तर चालना देणारं.

बीसीएल११एचं प्रोटीन जन्मानंतर एचबीएफचा कारखाना बंद ठेवतं. एचबीएफ वाढवणारे व्हेरिअंट त्याला लाल पेशींच्या पूर्वज पेशींमध्ये थोडं मंद करतात. म्हणून दिशा: अडवा. एमवायबीचंही तसंच, कमी झालं की एचबीएफ वाढतं. पण एमवायबी संपूर्ण रक्तनिर्मितीला लागतं, ते सरसकट बंद करणं परवडणारं नाही. व्हेरिअंटमुळे होणारा बदल लहान असतो, औषधाचा झटका मोठा असू शकतो. ही नोंद त्याच ओळीत करून ठेवा.

दिशा चुकते कुठे, तर चिन्हांत. समजा, एका फाइलमध्ये एका व्हेरिअंटचं परिणाम-अलील (ज्याचा परिणाम मोजला ते) टी आहे आणि बीटा, म्हणजे त्याने लक्षणात होणारा बदल, अधिक ०.३. दुसऱ्या फाइलमध्ये त्याच व्हेरिअंटचं परिणाम-अलील जी आहे आणि बीटा उणे ०.२. वरवर पाहता एकीत वाढ, दुसरीत घट. पण दुसरी ओळ जीविषयी बोलते आहे. ती टीविषयी वाचायची तर चिन्ह उलटून अधिक ०.२ होतं. म्हणजे दोन्ही एकाच दिशेला आहेत. सॉफ्टवेअर हे आपोआप जुळवतं, पण अलीलची जोडी ए-टी किंवा सी-जी असेल तर डीएनएच्या दोन धाग्यांपैकी कोणत्या धाग्यावरून वाचलं ते त्याला कळत नाही. अशा व्हेरिअंटची वारंवारता ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर तो सरळ काढून टाका.

मग प्रश्न उरतो की बीसीएल११एला अडवणारी गोळी का नाही? हे प्रोटीन डीएनएला चिकटून काम करतं, औषधाने जाऊन बसावं अशी सोयीची खोबण त्याला नाही. म्हणूनच कॅसजेव्ही हा क्रिस्पर उपचार थेट त्याच्या जनुकातल्या नियंत्रक तुकड्याला कापतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने त्याला मंजुरी दिली. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. गडचिरोलीच्या माणसाला अशा उपचाराचा काय उपयोग?

जुनं औषध शोधणाऱ्याने अशा वेळी त्या जनुकाच्या साथीदारांकडे वळायचं. एचबीएफचं जनुक मुकं ठेवण्यात डीएनएमटी१ नावाच्या एन्झाइमचाही हात असतो, आणि त्याला अडवणारं डेसिटाबिन हे औषध रक्ताच्या एका विकारासाठी अमेरिकेत २००६ पासून मंजूर आहे. ते अगदी कमी मात्रेत, टेट्राहायड्रोयुरिडिनच्या जोडीने सिकलसेलच्या रुग्णांना देऊन पाहिलं गेलं. २०१७ मध्ये निघालेल्या त्या छोट्या चाचणीच्या निष्कर्षांत एचबीएफ वाढलेलं दिसलं.

४. जनुकावरून औषध

ओपन टार्गेट्समध्ये जनुकाचं नाव टाका आणि 'ज्ञात औषधं' हा भाग उघडा. औषधाच्या नावाआधी कृतीचा प्रकार वाचा, म्हणजे ते अडवतं की चालना देतं: इनहिबिटर, अ‍ॅगोनिस्ट, अँटॅगोनिस्ट. वहीतल्या दिशेशी जुळत नसेल तर औषध कितीही नावाजलेलं असो, सोडून द्या.

कोविडच्या काळात हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं. बॅरिसिटिनिब हे संधिवाताचं औषध. फेब्रुवारी २०२० मध्येच संगणकीय शोधातून त्याचं नाव पुढे आलं. वर्षाअखेरीस अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या जीवॉसमध्ये दिसलं की टीवायके२ हे जनुक जास्त चालणाऱ्यांना आजार गंभीर होण्याचा धोका अधिक, आणि बॅरिसिटिनिब याच कुटुंबातली प्रोटीनं अडवतं. दिशा जुळली. मे २०२१ मध्ये भारतात त्याला आपत्कालीन परवानगी मिळाली. २०२२ मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत मृत्यू कमी झाल्याचंही दिसलं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या मागे मात्र होते मुख्यतः प्रयोगशाळेतल्या पेशींवरचे निकाल. जून २०२० मध्ये त्याच चाचणीने ते निरुपयोगी ठरवलं.

इथेच किंमतही बघून घ्या. औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे का, जेनेरिक मिळतं का? सिकलसेलसाठी महागडं इंजेक्शन सुचवणारा प्रबंध मला तरी अर्धवट वाटतो.

५. मेंडेलियन रँडमायझेशन: फायदा आणि तोटा दोन्ही बघा

कोणाला कोणतं अलील मिळणार हे गर्भधारणेच्या वेळी जणू चिठ्ठ्या टाकून ठरतं. खाणंपिणं, पैसा, व्यसन यांचा त्यात हात नसतो. त्यामुळे एखादं प्रोटीन जन्मापासून थोडं कमी असलेल्या माणसांचं पुढे काय झालं हे पाहून, ते औषधाने कमी केल्यावर काय होईल याचा अंदाज बांधता येतो.

नवखे लोक ही पद्धत फक्त फायदा दाखवायला वापरतात. खरं तर दुष्परिणाम आधी ओळखायला ती जास्त उपयोगाची. स्टॅटिन ज्या एन्झाइमला अडवतात त्याचं जनुक एचएमजीसीआर. त्यात एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) कमी करणारे व्हेरिअंट असलेल्यांचं वजन किंचित जास्त आणि टाइप-२ मधुमेहाचा धोकाही किंचित जास्त आढळला. हे २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं, आणि स्टॅटिनच्या चाचण्यांतही तेच दिसलं होतं. तेव्हा तुमच्या जनुकावर एकच आजार तपासून थांबू नका. यकृत, साखर, रक्तदाब, संसर्ग हेही चालवून बघा.

काही गोष्टी पाळा. एफ-स्टॅटिस्टिक, म्हणजे व्हेरिअंटचा परिणाम किती ठाम आहे याचं माप, १० पेक्षा कमी असलेले व्हेरिअंट घेऊ नका. औषधाच्या लक्ष्याचा अभ्यास असेल तर व्हेरिअंट त्या जनुकाच्या आतले किंवा लगतचेच घ्या, सगळ्या जीनोममधून गोळा केलेले नकोत. आणि निकाल आला की कोलॉक चालवा. जनुकाचा सिग्नल आणि आजाराचा सिग्नल खरंच एकाच व्हेरिअंटचा आहे, की दोन वेगळे व्हेरिअंट जवळजवळ बसले आहेत, हे त्यातून कळतं. कोलॉक न चालवता लिहिलेले पेपर आता परतही येतात.

६. अभिव्यक्ती उलटवणारं औषध

हा दुसरा रस्ता, कनेक्टिव्हिटी मॅपचा: औषध दिल्यावर पेशींत कोणती जनुकं किती चालतात (यालाच अभिव्यक्ती म्हणतात) याचा साठा. आजारात कोणती जनुकं चढली, कोणती उतरली याची यादी द्यायची. कोणतं औषध ती यादी उलटी करतं ते तो सांगतो. उणे स्कोअर म्हणजे उलटवणारं. सोपा आहे, म्हणूनच जपून वापरा: त्यातल्या बऱ्याच पेशी कर्करोगाच्या आहेत. एकटा पुरावा म्हणून तो लंगडा, पण जनुकीय पुराव्याला जोड म्हणून ठीक.

७. मात्रा मोजा

हा हिशेब कागदावर होतो, तरी फार थोडे करतात. मेटफॉर्मिन घ्या. २०१८ मध्ये 'ब्लड' नियतकालिकात आलं की सिकलसेलच्या रुग्णांच्या जनुकीय तपासणीत एचबीएफशी फॉक्सओ३ या जनुकाचा संबंध दिसला, आणि फॉक्सओ३च्या मार्गे मेटफॉर्मिनने प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये एचबीएफ वाढवलं. जनुकापासून कोपऱ्यावरच्या मेडिकल स्टोअरमध्ये मिळणाऱ्या स्वस्त गोळीपर्यंतची ही वाट शिकण्यासारखी आहे.

आता हिशेब. नेहमीच्या डोसने रक्तात मेटफॉर्मिन साधारण दर मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅमपर्यंत चढतं. म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम. रेणुभार १२९. भागा: सुमारे १५ मायक्रोमोलर (१००० मायक्रोमोलर म्हणजे १ मिलिमोलर). मेटफॉर्मिनवरच्या अनेक पेशी-प्रयोगांत १ मिलिमोलर किंवा त्याहून जास्त वापरलेलं दिसतं, म्हणजे माणसाच्या रक्तातल्या पातळीच्या साठ-सत्तर पट. असा प्रयोग आधाराला घेताना थांबा. तुमच्या प्रत्येक उमेदवार औषधासाठी रक्तातली कमाल पातळी आणि प्रयोगातली पातळी शेजारी-शेजारी लिहा. दहा पटीपेक्षा जास्त अंतर असेल तर मी ते औषध यादीत खाली ढकलते.

८. डॉकिंग, आता

एवढं झाल्यावर ऑटोडॉक व्हिना हे डॉकिंगचं सॉफ्टवेअर उघडा. प्रोटीनच्या स्फटिक रचनेत मुळातच बसलेला रेणू आधी परत बसवून पाहा. तो मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या आत आला तरच पुढे जा. उणे ८.१ आणि उणे ८.६ यांतल्या फरकावर क्रमवारी लावू नका, पद्धतीची चूकच त्याहून मोठी असते. आणि ज्या औषधाचं लक्ष्य आधीच प्रयोगांतून सिद्ध आहे त्याचं डॉकिंग करून नवीन काही कळत नाही.

९. आपल्या लोकांचा डेटा

जगभरातल्या जीवॉसमधले बहुसंख्य सहभागी युरोपीय वंशाचे आहेत. थाउजंड जीनोम्स या जगभरच्या जीनोमांच्या संदर्भसंचात दक्षिण आशियाचे पाच गट आहेत: ह्यूस्टनचे गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातले बंगाली, ब्रिटनमधले तेलुगू आणि श्रीलंकेचे तमिळ. त्यांत मराठी माणसाचा गट नाही, गोंड-माडियांचा तर नाहीच.

सिकलसेलमध्ये याने फरक पडतो. आपल्याकडे आढळणाऱ्या अरब-भारतीय हॅप्लोटाइपमध्ये (एकत्र वारशाने येणाऱ्या व्हेरिअंटच्या गटामध्ये) एचबीजी२ जनुकाजवळचा एक्सएमएन-१ हा व्हेरिअंट असतो आणि एचबीएफ मुळातच जास्त असतं. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांवरचे आकडे जसेच्या तसे इथे लावू नका. जीनोम इंडिया प्रकल्पातले दहा हजारांवर भारतीय जीनोम फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये आहेत. अर्ज करून, करार करून मिळतात. त्यात वेळ जातो, म्हणून पहिल्या सेमिस्टरलाच अर्ज करा. आणि निकालात जाती-जमातींची नावं गरज नसताना छापू नका. गावात त्याचा अर्थ वेगळाच घेतला जातो, सोयरिकी अडतात.

१०. कागदपत्रं आणि पुढची वाट

फक्त सार्वजनिक, ओळख नसलेला डेटा वापरत असाल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पुनरीक्षणातून सूट मिळू शकते. पण ती सूट तुम्ही स्वतःला द्यायची नसते, समितीने लेखी द्यायची असते. अर्जासोबत प्रस्तावाचा सारांश, डेटाच्या स्रोतांची यादी, त्यांच्या वापर-अटींची प्रत आणि गाइडची सही लागते. नागपूरच्या मेडिकल, मेयो किंवा एम्स रुग्णालयांतल्या रुग्णांचा एक जरी नमुना घेणार असाल तर प्रकरण बदलतं: पूर्ण पुनरीक्षण आणि रुग्णाला समजेल अशा भाषेतलं संमतिपत्र. परदेशी सहकारी असेल तर केंद्राच्या छाननी समितीची मंजुरीही आली.

प्रबंधाच्या शेवटी 'उपचार' लिहू नका, 'उमेदवार' लिहा. सिकलसेलच्या घरांमध्ये अशी बातमी व्हॉट्सअ‍ॅपवरून वाऱ्यासारखी पसरते, आणि कुणी हायड्रॉक्सियुरिया सोडून मेटफॉर्मिन सुरू केलं तर त्याचं काय होईल याचा विचार करा. कुणी थेट विचारलंच तर त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा.

सीटीआरआय या औषध-चाचण्यांच्या सरकारी नोंदणीवर आपलं औषध आणि आजार टाकून बघा, चाचणी कुणी आधीच सुरू केली असेल तर कळेल. पेटंटची आशा फार धरू नका. भारतीय पेटंट कायद्याचं कलम ३(ड) ज्ञात पदार्थाच्या निव्वळ नव्या उपयोगाला शोध मानत नाही. त्यामुळे कंपन्या अशा कामात फारसे पैसे घालत नाहीत; वाट उरते ती सरकारी निधीची आणि रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांची. अशा डॉक्टरांना विषय ठरण्याआधीच एकदा भेटा, ओपीडी संपल्यावर. जाताना एकच पान न्या: लक्ष्य कोणतं, दिशा कोणती, औषध कोणतं, रक्तात ती मात्रा गाठता येते का, आणि जनुकीय माहितीनुसार कोणत्या दुष्परिणामावर लक्ष ठेवावं लागेल.